एकमत

आठवीतल्या कनकने विचारलेला प्रश्न अगदी साधा होता.

"बाई, या पेटीतल्या काचा सगळ्या जुन्याच का? नवीन माणसांना हा आजार होत नाही?"

धुळ्याच्या तापी खोरे कर्करोग केंद्रात दर शनिवारी एखाद्या शाळेची मुले येत. केंद्राच्या निदान विभागातून निवृत्त झालेल्या डॉ. सुशीला नेरकर त्यांना सूक्ष्मदर्शकातून काचेच्या पट्ट्यांवर पसरलेल्या पेशी दाखवत. मुलांनी काहीही विचारावे आणि बाईंनी ते त्यांच्याच भाषेत समजावून सांगावे, असा तो तास असे. त्या दिवशी विषय होता लसिकाग्रंथींचा.

"मानेत, काखेत, जांघेत वाटाण्याएवढ्या ग्रंथी असतात," बाई सांगत होत्या. "प्रत्येक ग्रंथी म्हणजे एक शाळा समजा. घशात जंतू शिरले की शाळेत पेशींचे वर्ग भरतात. जंतू कसा ओळखायचा, कसा मारायचा, ते त्या शिकतात. म्हणून घसा दुखला की मानेला गाठ येते. काम झालं की वर्ग सुटतात, गाठ जाते. पण कधी एखादी पेशी बिघडते. शाळा सुटली तरी घरी जात नाही. तिथेच बसून स्वतःसारख्या आणखी पेशी करत राहते. याला लिम्फोमा म्हणतात. कुठल्या वर्गातली पेशी बिघडली, त्याप्रमाणे त्याचे कितीतरी प्रकार होतात. काही वर्षानुवर्षं गप्प बसतात. काही दोन-तीन महिन्यांत माणूस आडवा करतात."

"मग कळतं कसं कुठला ते?"

"बघून. ये, डोळा लाव. निळ्या ठिपक्यांच्या गर्दीत एखादी मोठी पेशी दिसते? कशासारखी आहे?"

कनकने बराच वेळ पाहिले. "ज्वारीची लाही फुटल्यासारखी."

"बरोबर. लाही-पेशी. आता तिच्या भोवती बघ. बारक्या पेशी गोल करून बसल्यात ना? तो गोल महत्त्वाचा. हा प्रकार मंद असतो. गाठ काढून टाकली, फार तर थोडे किरण दिले, की बहुतेक माणसं आपल्या कामाला लागतात. पण याच्यासारखाच दिसणारा एक दुसरा प्रकार आहे, तो आक्रमक. त्यातही मोठ्या पेशी थोड्या आणि बारक्या पुष्कळ. फक्त गोल मोडलेले असतात, सगळं विखुरलेलं. त्याला जहाल औषधं द्यावी लागतात."

तेव्हा कनकने काचेवरचे वर्ष वाचले, मग पेटीतल्या बाकीच्या काचांवरचे वाचले, आणि तो प्रश्न विचारला. बाईंनी पेटीतल्या काचा एकदा स्वतः चाळल्या. "बघून सांगते हं," त्या म्हणाल्या.

मुले गेल्यावर त्या तिसऱ्या मजल्यावर आल्या. तिथे आता डॉ. केतकी बोरसे विभागप्रमुख होती. बाईंच्या हाताखालीच ती शिकली होती, आणि बाईंना तिचा मुलीइतका अभिमान होता.

"केतकी, लाही-पेशींच्या प्रकाराची एखादी ताजी काच दे गं. मुलांना दाखवायला."

केतकीने नोंदी चाळल्या. मग पुन्हा चाळल्या. "मॅडम, सहा वर्षांत एकही नाही."

"एकही नाही? अगं, माझ्या वेळी वर्षाला चार-पाच यायच्या."

"गेला असेल. देवी नाही का गेली?"

"देवीची लस होती. याची कुठली होती?"

केतकी हसली. बाई हसल्या नाहीत.

केंद्रात सात वर्षांपूर्वी 'पारखी' आला होता. पारखी म्हणजे काचा वाचणारे यंत्र. लाखो गाठींची चित्रे दाखवून त्याला शिकवलेले होते. तो आल्यापासून पूर्ण गाठ कापून काढणे बंद झाले. सुईने दोऱ्याएवढा तुकडा काढायचा, त्याची काच करायची, पारखीपुढे ठेवायची. पूर्वी बाई म्हणत, सुईच्या तुकड्यावरून प्रकार सांगणे म्हणजे लुगड्यातून एक दोरा ओढून पदरावरची नक्षी ओळखणे. पण पारखीला दोऱ्यावरून नक्षी कळते, असे सिद्ध झाले होते. गावोगावच्या केंद्रांत शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा यंत्राचे आणि डॉक्टरांचे एकमत होत होते.

हे एकमत आंधळे नसावे म्हणून एक नियम होता. डॉक्टरने आधी स्वतः काच बघायची, आपले निदान नोंदवायचे, मगच पारखीचे बंद उत्तर उघडायचे. केतकीने हा नियम सात वर्षांत एकदाही मोडला नव्हता. डॉक्टरांच्या या स्वतंत्र निदानांवरूनच पारखी दर आठवड्याला नव्याने शिकत असे.

"तुझ्या शेजारी बसते जरा," बाई म्हणाल्या. "काम चालू दे."

सेवकाने काचांचे खण आणून ठेवले. केतकी एकेक काच उचलायची, दोन-चार ठिकाणी सरकवून बघायची, निदान नोंदवायची आणि मग उत्तर उघडायची. प्रत्येक वेळी पडद्यावर हिरवी अक्षरे उमटत, 'एकमत'. बाईंना तिचा वेग बघून आधी कौतुक वाटले. थोड्या वेळाने त्या काचांकडे न बघता केतकीच्या हाताकडे बघू लागल्या.

"हे खण कोण लावतं?"

"पारखीच. वाचून झालं की आपल्या मताप्रमाणे वेगवेगळ्या खणांत ठेवतो. नंतर कपाटात लावायला सोपं जातं."

"म्हणजे तिसऱ्या खणात काय असतं, तुला माहीत असतं."

"खणावर काही लिहिलेलं नसतं, मॅडम."

"लिहायला कशाला हवं?"

केतकीने खांदे उडवले. एवढ्या कामात या गोष्टीला अर्थ नव्हता.

पुढच्या शनिवारी बाई पुन्हा येऊन बसल्या. संध्याकाळी सगळे खण संपल्यावर त्यांनी केतकीला एक काच दाखवली. काचेवरच्या नावावर कागद चिकटवलेला होता.

"ही सकाळी तिसऱ्या खणात होती. काय नोंदवलंस?"

केतकीने बघितले. "आक्रमक प्रकार. पारखीची नोंद नव्हती म्हणून बाजूला ठेवली होती."

"आणि दुपारी हीच काच पाचव्या खणात होती. साध्या सुजेच्या. तेव्हा काय म्हणालीस?"

केतकीने आपली दुपारची नोंद उघडून बघितली. दुपारी ती 'साधी सूज' म्हणाली होती.

बाईंनी कागद सोलून काढला. काच त्यांच्या पेटीतली होती. जुन्या काळी एका रोग्याचा सुईचा तुकडा आणि पूर्ण गाठ दोन्ही तपासली होती, त्यामुळे प्रकाराबद्दल शंकाच नव्हती. लाही-पेशींचा मंद प्रकार.

"फसवलंत मला तुम्ही," केतकी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता.

"काच तीच होती, केतकी. मी फक्त खण बदलला."

"एवढंच करायला दोन शनिवार आलात? सरळ सांगता आलं असतं."

"मागच्या शनिवारी सांगितलं. तू खांदे उडवलेस."

त्या रात्री झोप लागणार नाही असे केतकीला वाटले होते, पण ती झोपली, आणि सकाळी उठताना सगळे तिच्या डोळ्यांपुढे मांडल्यासारखे स्पष्ट झाले. शेजारी बसलेली दोन मुले एकमेकांच्या वहीत बघून गणित सोडवतात. दोघांची उत्तरे जुळतात. गुरुजी म्हणतात, दोघांची जुळली म्हणजे बरोबरच असणार, आणि तेच उत्तर फळ्यावर लिहून पुढच्या वर्गाला शिकवतात. सुरुवातीला पारखी शंकेच्या तुकड्यात थोडासा आक्रमक प्रकाराकडे झुकत असे. मोठा धोका सुटू नये, म्हणून त्याला तसेच शिकवले होते. खण बघून डॉक्टरही झुकले. त्यांचे झुकणे बघून पारखी आणखी झुकला. असे करत करत एक आजार नोंदींमधून नाहीसा झाला होता. ज्यांना तो झाला होता ती माणसे मात्र कुठेतरी होती, आणि त्यांना दुसऱ्याच आजाराचे उपचार मिळाले होते.

सोमवारी तिने सेवकाला सांगून सगळ्या काचा एकाच खणात मिसळून घेतल्या. दिवसभरात पूर्वीच्या पावपट कामही झाले नाही. तिला प्रत्येक काचेपाशी थांबावे लागत होते. एका काचेपाशी ती फार वेळ थांबली.

रोग्याचे नाव भूषण बेडसे. वय सत्तावीस, शाळेच्या बसचा चालक. मानेत एकच गाठ. दोऱ्याएवढ्या तुकड्यात बारक्या पेशींची गर्दी, तीत दोन-तीन मोठ्या पेशी. लाह्यांसारख्या? असतील. भोवती गोल? एका कडेला अर्धा गोल असल्यासारखे वाटत होते. तुकडा तिथेच संपत होता.

तिने बाईंना बोलावून घेतले. बाईंनी चष्मा कपाळावर सरकवून बघितले.

"पूर्ण गाठ हवी," त्या म्हणाल्या. "याच्यावरून मीही शपथ घेणार नाही. पण मला गोल वाटतोय."

"मलाही."

केतकी निदान नोंदवायला बसली. पडद्यावर प्रकारांची नावे ओळीने आली. त्यांत लाही-पेशींचा प्रकार नव्हता. तीन वर्षांपूर्वी, सलग काही वर्षे एकही रोगी न सापडल्यामुळे, राज्य समितीने तो वगळला होता, आणि तेव्हा ते कुणाच्या लक्षातही आले नव्हते. उरला एकच मार्ग, 'इतर'. पण 'इतर' नोंदवले की उपचाराची मंजुरी थांबत होती आणि प्रकरण समितीकडे जात होते. तिथून उत्तर यायला दोन महिनेही लागत. पूर्ण गाठ काढण्याची शस्त्रक्रिया तर मंजूर कामांत राहिलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी तिने भूषणला बोलावले. तो बायकोला, मयूरीला, घेऊन आला. उंच, रुंद खांद्यांचा, खोलीत शिरताना दारात वाकणारा माणूस. निदानाची नोंद झाली की गुरुवारपासून त्याचे औषध सुरू व्हायचे होते.

केतकीने सावकाश सांगितले. आजार दोनपैकी एक आहे. एकाला सहा वेळा जहाल औषध लागते. दुसऱ्याला कदाचित गाठ काढून टाकणेच पुरेल. ते औषध आजार मारते, पण काही जणांच्या हृदयालाही धक्का देते. म्हणून आधी पूर्ण गाठ काढून बघू. त्यासाठी निदानात 'इतर' लिहून समितीची परवानगी घ्यावी लागेल. मला थोडा वेळ द्या.

"म्हणजे मला औषधाची गरजच नसेल?" भूषणचा चेहरा उजळला. "ऐकलंस का गं?"

मयूरी हसली नाही. "किती वेळ, मॅडम?"

"दोन महिने धरून चला."

"आणि तोवर?"

"तोवर थांबायचं."

मयूरीने मोबाइल पुढे केला. केंद्राचा संदेश होता; पारखीने काच वाचली की तो आपोआप रोग्याकडे जाई, डॉक्टरची नोंद व्हायच्या आधीच. निदान, उपचाराची तारीख, आणि खाली यंत्राची खात्री, शंभरात अठ्ठ्याण्णव.

"यंत्र अठ्ठ्याण्णव म्हणतंय. तुम्ही किती म्हणता?"

केतकीने खोटे आकडे आयुष्यात कधी सांगितले नव्हते. "साठ. फार तर पासष्ट."

"आणि तुमचं चुकलं तर? हे दोन महिने गाठ घेऊन बसले आणि तो आक्रमकवाला निघाला तर?"

"तर वेळ गेलेला असेल."

"मग मॅडम, तुम्हीच सांगा, मी कुणाचं ऐकू?" मयूरीचा आवाज चढला नव्हता. उलट ती विनवत होती. "ते 'इतर' का काय लिहू नका. तुमच्या पाया पडते. जे नाव लिहिल्यावर औषध सुरू होतं, ते लिहा."

"तू गप्प बस ना जरा," भूषण म्हणाला.

"मी गप्प बसते. मग तुम्ही बोला. काय करायचं?"

भूषणने खिडकीबाहेर बघितले. खाली पटांगणात कुणीतरी गाडी मागे घेत होते, आणि तो नकळत तिच्या चाकांकडे बघत राहिला. "सुरू करा मॅडम," तो म्हणाला. "अठ्ठ्याण्णवला नाही कसं म्हणणार?"

ते गेल्यावर बाई म्हणाल्या, "आकडा कशाला दिलास?"

"तुम्हीच शिकवलंत. जेवढं दिसतं तेवढंच सांगायचं."

केतकीने 'आक्रमक प्रकार' नोंदवले. नोंदवले नसते तर नियमाप्रमाणे दुसऱ्या दिवशी ती काच पुण्याच्या कुणा डॉक्टरकडे गेली असती आणि तिथे क्षणात नोंदवली गेली असती, असे तिने स्वतःला समजावले. पडद्यावर हिरवी अक्षरे उमटली. पारखी त्या आठवड्यात आणखी एक धडा शिकला.

तरीही तिने प्रयत्न सोडला नाही. त्या गोलांखाली एक नाजूक जाळी असते. मंद प्रकारात जाळी टिकून राहते, आक्रमक प्रकारात ती गेलेली असते. ही जाळी रंगवून दाखवणारे एक द्रव्य पूर्वी विभागात असे. पारखीला त्याची गरज नसल्याने ते घेणे बंद झाले होते. बाईंनी नाशिकच्या एका जुन्या विद्यार्थ्याला गळ घातली. द्रव्य आले तोवर भूषणची दोन औषधे झाली होती. केतकीने उरलेल्या तुकड्याची काच रंगवली आणि डोळा लावला. कडेच्या त्या अर्ध्या गोलात जाळी होती. तपकिरी, बारीक विणीची, अगदी स्पष्ट. आता साठ-पासष्टचा प्रश्नच उरला नव्हता.

ती काच घेऊनच ती उपचार करणाऱ्या डॉ. गुजराथींकडे गेली.

"गाठ निम्मी झालीय, बोरसे," ते म्हणाले. "निदान चुकलं असतं तर उतरली असती का?"

"उतरली असती, सर. या औषधाने दोन्ही उतरतात."

"असेल. पण मंजूर उपचार मी तुमच्या एका काचेवर थांबवू शकत नाही. समितीला लिहा. त्यांचं उत्तर येईपर्यंत चालू ठेवावं लागेल."

तिने लिहिले. मग ती कक्षात भूषणकडे गेली. तो कुशीवर पडून भांड्यात ओकत होता, आणि मयूरी त्याची पाठ चोळत होती. केतकीच्या हातातली काच बघून मयूरी तिला बाहेर घेऊन आली.

"काही नवीन निघालं का?"

"त्यांना सांगायला हवं असं काही निघालंय."

"आत्ता नको. गरज आहे म्हणून सोसतायत ते. ती गरजच काढून घेतलीत तर सोसतील कशाच्या जोरावर?"

केतकी परत आली. बाई तिची वाट बघत बसल्या होत्या.

"सांगितलंस?"

"नाही. तुम्ही सांगा. तुमचा तर जन्म गेला समजावून सांगण्यात."

बाई उठल्या, जिन्यापर्यंत गेल्या, कठड्यावर हात ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि परत येऊन बसल्या. त्यानंतर दोघींत पूर्वीसारखे बोलणे झाले नाही. शनिवारी बाई येत, मुलांना शिकवत आणि खालूनच निघून जात.

समितीचे उत्तर आले तेव्हा भूषणचे पाचवे औषध झाले होते. उत्तर सभ्य होते. वगळलेला प्रकार पुन्हा घेण्याचा विचार जरूर करता येईल, त्यासाठी त्या प्रकाराचे पुरेसे रोगी नोंदलेले असावेत. ज्या प्रकाराचे नावच नोंदवता येत नाही त्याचे रोगी कसे नोंदवायचे, असे केतकीने उलट विचारले. त्यावर काही आले नाही. काचांचे खण मात्र सगळ्या केंद्रांत मिसळून द्यावेत, असा आदेश निघाला. पण पारखी जे शिकायचे ते शिकून बसला होता, आणि डॉक्टरांचे डोळेही. पहिल्याच महिन्यात एकमत पुन्हा नव्व्याण्णववर आले.

भूषण बरा झाला. तपासणीत गाठीचा मागमूस नव्हता. केंद्राच्या वार्षिक आकड्यांत त्याची भर पडली, अचूक निदान, पूर्ण प्रतिसाद.

पुढच्या वर्षी एका दुपारी तो स्वतः तिसऱ्या मजल्यावर आला. दारात उभा राहून त्याने आधी श्वास घेतला. खांदे उतरले होते, पायांवर सूज होती.

"बसा," केतकी म्हणाली. "लिफ्ट बंद आहे का?"

"चालू आहे. म्हटलं बघू, जमतं का." तो बसला. "हृदयाच्या डॉक्टरकडे आलो होतो. म्हणाले, औषधाने कमजोर झालंय. हेही म्हणाले, की आता बस चालवायची नाही. लेकरं असतात ना आत. बरोबर आहे त्यांचं."

"मग सध्या काय करता?"

"मयूरी शिवणाचं बघते. मी गुंड्या लावतो." तो हसला. मग त्याने हात मांडीवर ठेवले. "मॅडम, एक विचारायचं होतं. तिला सांगून आलो नाही. त्या दिवशी तुम्ही म्हणाला होता, कदाचित औषधाची गरजच नसेल. आमच्याने ऐकलं गेलं नाही. त्याचं पुढे काही कळलं का?"

केतकीची नजर कपाटाकडे गेली. जाळीची ती काच कपाटात होती, हाताच्या अंतरावर. काढून दाखवली असती तर त्यालाही दिसले असते. तेवढे ते स्पष्ट होते.

"यंत्राचं बरोबर होतं," ती म्हणाली. "माझं चुकलं होतं."

भूषणने डोळे मिटले आणि उघडले. त्याच्या चेहऱ्यावरचे काहीतरी सैल झाले.

"मग हरकत नाही," तो म्हणाला. "गरज होती म्हणजे. कधी कधी डोक्यात यायचं, उगाच झालं का काय सगळं. मग हरकत नाही."

तो सावकाश उठला, निघताना म्हणाला, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका मॅडम, चूक कुणाचीही होते," आणि कठड्याला धरून जिना उतरू लागला. केतकी दारात उभी राहून ऐकत होती. पहिल्या वळणावर त्याची पावले थांबली. बराच वेळ थांबली, आणि मग पुन्हा सुरू झाली.